रायफलीची साक्ष

आमच्या तालुक्याच्या गावात गुळाच्या एका जुन्या गोदामात एअर रायफलची सहा लेनची रेंज आहे. पत्र्याचं छत, चुना मारलेल्या भिंती आणि दहा मीटरवर मोटरने पुढे-मागे सरकणारी कागदी टार्गेटं. गेल्या पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी माझी भाची तिथे तिसऱ्या लेनवर उभी होती आणि मी मागच्या बाकावर बसलो होतो. पत्र्यावर पाऊस वाजत होता. तिने शॉट मारला, बटण दाबून टार्गेट जवळ आणलं, पाहिलं, आणि रायफल स्टँडवर ठेवून खुर्चीत बसली. चार-पाच मिनिटं डोळे मिटून श्वास सावकाश केला. मग उठली, नीट उभी राहिली, नेम धरला. छर्रा मधल्या ठिपक्याच्या बरोबर वर लागला, डावीकडे नाही की उजवीकडे नाही.

"मामा, सरांनी सांगितलं तस्संच केलं मी," ती म्हणाली. आवाज रडवेला असता तर समजूत घालता आली असती. तो थकलेला होता.

तीन महिने हेच चाललं होतं. तिच्या प्रशिक्षक सरांचं म्हणणं होतं, श्वास चुकतोय; खराब शॉट गेला की थांब, बस, मन शांत कर, मग पुढचा मार. घरच्यांचं म्हणणं होतं, अकरावीचा अभ्यास वाढलाय, लक्ष लागत नाही. तिचं स्वतःचं म्हणणं होतं की हा खेळ आपल्याला जमणारा नाही. रायफलीचं म्हणणं काय आहे, हे मात्र कोणीच विचारलं नव्हतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. तिची जुनी टार्गेटं एका रात्री टेबलावर मांडली, तेव्हा एक गोष्ट डोळ्यात भरली. चुकलेले शॉट आडवे पसरलेले नव्हते, जवळजवळ सगळे उभ्या रेषेत वर सरकलेले होते. हात हलला तर शॉट कुठेही जातो. एकाच दिशेला जातो तेव्हा दुसरं कारण शोधावं लागतं, आणि माझा पहिला संशय छऱ्याच्या वेगावर गेला. तो मोजणाऱ्या यंत्राला क्रोनोग्राफ म्हणतात, रेंजवरची मंडळी नुसतं 'क्रोनो' म्हणतात. आमच्या क्लबकडे तो नव्हता. आसपासच्या ज्या क्लबांत विचारलं, त्यांच्याकडेही नव्हता. 'फार महाग असतो' हे उत्तर मात्र सगळीकडे मिळालं. त्या उत्तराची खातरजमा करण्यात माझे दोन महिने गेले.

अर्ध्या मिलिमीटरचा खेळ

कोल्हापूर भागात नेमबाजीचं वेड नवीन नाही. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्य जिंकलं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, तेव्हा अठरा वर्षांचा होता. ही नावं ऐकत गावोगावची मुलं रेंजवर येतात. पण त्यांच्या हातात येते ती बहुधा क्लबची सामायिक रायफल. ती आजवर किती हातांतून गेली आणि शेवटची कधी उघडली, याची नोंद क्वचितच असते.

या खेळात चूक किती लहान असते ते आकड्यांत पाहिलं म्हणजे पटतं. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. तिथून बाहेर प्रत्येक कडं अडीच मिलिमीटरने सरकतं. म्हणजे दशांश गुणांत पाव मिलिमीटर सरकलं की ०.१ गुण गेला. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, सपाट तोंडाचा, वजन साधारण ०.५३ ग्रॅम. स्पर्धेची रायफल तो नळीतून सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगाने सोडते. हवेच्या अडथळ्यामुळे दर मीटरमागे एखादा टक्का वेग कमी होत जातो आणि दहा मीटर कापायला सुमारे ०.०६ सेकंद लागतात.

तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण छऱ्याला जवळजवळ १८ मिलिमीटर खाली ओढतं. साईट लावताना आपण ही घसरण आपोआप धरलेली असते, त्यामुळे ती जाणवत नाही. पण ती धरलेली असते एका ठरावीक वेगासाठी. छर्रा सेकंदाला ५ मीटर जास्त वेगाने निघाला तर तो एका मिलिमीटरच्या आसपास कमी घसरतो, म्हणजे तेवढा वर लागतो. सुमारे ०.४ गुण गेला. नेम, श्वास आणि ट्रिगर तिन्ही बिनचूक असताना गेला. खेळाडूला मात्र दिसतं ते एवढंच, की शॉट वर गेला.

शाडूचा लंबक

गोळीचा वेग प्रथम नीट मोजला तो बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तोफशास्त्रावरच्या ग्रंथात त्याने एक सोपी युक्ती मांडली. जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगायचा, त्यात गोळी मारायची, ठोकळा किती झुलला ते त्याला बांधलेल्या फितीवरून मोजायचं, आणि त्यावरून उलट हिशेब करून गोळीचा वेग काढायचा. सेकंदाच्या हजाराव्या भागाचं घड्याळ त्या काळात नव्हतं. रॉबिन्सने घड्याळाची गरजच संपवली. लिओनहार्ड ऑयलरने त्याचा ग्रंथ जर्मनमध्ये नेला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने किल्ल्यांच्या बांधकामासाठी रॉबिन्सला हिंदुस्थानात पाठवलं आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये त्याचं निधन झालं. वेग मोजणाऱ्या शास्त्राचा हा मूळपुरुष आपल्याच देशाच्या मातीत विसावला आहे, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी तोच लंबक करून पाहिला. गणपतीच्या मूर्तीसाठी आणलेली शाडू माती घरात होती. अर्धा किलोचा गोळा मळून खोक्याच्या आकाराचा केला, कडेने पातळ पुठ्ठा लावला आणि चार दोऱ्यांनी एक मीटर खाली टांगला. चार दोऱ्या अशासाठी, की गोळा गिरकी न घेता सरळ मागे जावा. रायफलीच्या तोंडातून छऱ्यामागून हवेचा झोतही येतो. त्याने गोळा हलू नये म्हणून मध्ये भोक पाडलेला पुठ्ठा उभा केला. मागे जाड लाकडी फळी, डोळ्यांवर चष्मे, आणि रायफल सरांच्याच हातात.

हिशेब असा आहे. गोळ्याचं वजन छऱ्याच्या साडेनऊशे पट. लांबी एक मीटर असेल तर गोळा जितका मागे सरकेल त्या प्रत्येक सेंटीमीटरमागे छऱ्याचा वेग जवळपास सेकंदाला ३० मीटर. पहिल्या शॉटला गोळा सहा सेंटीमीटरच्या आसपास सरकला, म्हणजे वेग पावणेदोनशेच्या घरात. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं गणित गुळाच्या गोदामात खरं ठरलं होतं.

पण दोन शॉटांमधला फरक पकडायला हा लंबक अपुरा आहे. पट्टीवर एक मिलिमीटर वाचायला चूक झाली की वेगात ३ मीटरची चूक येते, आणि मला शोधायचा फरक तेवढाच होता. एवढं कळलं, की यंत्र लागणार.

कोणतं यंत्र, कुणासाठी

बाजारात आज चार तऱ्हेचे क्रोनो आहेत. किंमत पाहण्याआधी ते कसे मोजतात हे पाहावं, कारण आपली रेंज कशी आहे त्यावर निवड ठरते.

पहिली तऱ्हा उजेडावर चालणारी. खोक्यावर पुढे-मागे दोन डोळे असतात, वर पांढऱ्या छत्र्या. छर्रा वरून गेला की डोळ्यावर क्षणभर सावली पडते, दोन सावल्यांमधला वेळ मोजून वेग निघतो. कॅल्डवेल, प्रोक्रोनो ही नावं या प्रकारातली. उघड्यावर, ढगाळ पांढऱ्या आभाळाखाली ही यंत्रं उत्तम चालतात. बंद हॉलमध्ये मात्र दगा देतात. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्याला ते दिसत नाही, यंत्राच्या डोळ्याला दिसतं आणि ते भलतेच आकडे देतं. शिवाय छर्रा डोळ्यांच्या बरोबर वरून जावा लागतो. नवख्या हाताने एक नेम खाली गेला की यंत्रच फुटतं.

दुसरी तऱ्हा इन्फ्रारेड बोगद्याची. छोटी नळकांडी, आत दोन अदृश्य किरणांचे पडदे. काही नळीच्या तोंडाला बसवतात, काही स्टँडवर समोर ठेवतात. इंग्लंडचा कॉम्ब्रो, तैवानचा एक्सकॉरटेक आणि चिनी बनावटीचे कितीतरी. उजेड ते स्वतःच तयार करत असल्याने बंद हॉल ही त्यांची हक्काची जागा. उलट रखरखीत उन्हात ते गोंधळतात. यातले साधे नमुने काही हजार रुपयांत मिळतात. आमच्यासारख्या रेंजला हीच तऱ्हा योग्य. एक पथ्य पाळायचं. यंत्र नळीवर बसवलं असेल तर त्या वेळी टार्गेटवरचा ग्रुप, म्हणजे शॉटांचा पुंजका, पाहायचा नाही. नळीच्या टोकाशी वजन वाढलं की शॉट लागण्याची जागा बदलते.

तिसरी तऱ्हा रडारची. यंत्र रायफलीच्या बाजूला ठेवायचं, ते रेडिओलहरी सोडतं आणि पळत्या छऱ्यावरून परतणाऱ्या लहरींतल्या बदलावरून वेग काढतं. छर्रा कुठूनही जाऊ दे, यंत्राला धोका नाही, उजेडाची फिकीर नाही. एफएक्सचा खिशात मावणारा रडार खास एअरगनसाठी निघाला, आणि २०२३ मध्ये गार्मिनचा झीरो सी१ प्रो आला, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत सहाशे डॉलर होती. वस्तू उत्तम आहे, पण तालुक्याच्या एका क्लबने एवढा खर्च करू नये. पाच-सहा क्लबांनी मिळून घेतला आणि महिन्याची पाळी लावली तर मात्र शोभेल.

चौथी तऱ्हा फुकट आहे, ती म्हणजे मोबाइल. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केलेल्या फायफॉक्स या मोफत ॲपमध्ये आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे. पहिल्या आवाजाला सुरू, दुसऱ्याला बंद. फोन रायफल आणि टार्गेटच्या बरोबर मध्ये ठेवला, तर दोन्ही आवाजांना पोचायला सारखाच वेळ लागतो आणि छऱ्याच्या प्रवासाचा वेळ तेवढा उरतो. विद्यार्थ्यांसाठी हा फार सुंदर प्रयोग आहे. पण स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच स्प्रिंग सुटल्याचा आवाज होतो, त्यामुळे वेळ जास्त भरतो आणि वेग खोटाच कमी दिसतो. शिवाय हाती येतो तो दहा मीटरांतला सरासरी वेग, तोंडाशी असलेला नव्हे.

स्वस्त असलं म्हणून काय पाहायचं

घेताना मी जे तपासलं ते सांगतो. बोगद्यातल्या दोन किरणांमधलं अंतर समजा पाच सेंटीमीटर आहे. १७५ मीटर वेगाचा छर्रा ते २८६ मायक्रोसेकंदात पार करतो. बनवताना त्या अंतरात एका मिलिमीटरची चूक राहिली तर प्रत्येक आकडा दोन टक्क्यांनी चुकतो, म्हणजे साडेतीन मीटरने. हे ऐकून घाबरायला होतं. पण ही चूक प्रत्येक शॉटला तेवढीच आणि त्याच दिशेची असते. सोनाराचा काटा रोज एक गुंज जास्त दाखवत असेल, तरी दोन बांगड्यांतला फरक तो खराच सांगतो. नेमबाजाला हवा असतो तो फरक. वेग १७२ आहे की १७५, याने गुण जात नाहीत. पहिला शॉट १७२ आणि दुसरा १८० असेल, तर जातात.

म्हणून स्वस्त यंत्राची परीक्षा खरेपणाची घेण्यापेक्षा सातत्याची घ्यावी. ज्या रायफलीवर विश्वास आहे, शक्यतो नुकतीच सर्व्हिस झालेली, तिच्यातून एकाच डब्यातले दहा-वीस छर्रे मारावेत. चांगल्या स्पर्धेच्या रायफलीत दहा शॉटांच्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातला फरक दोन-तीन मीटरांचा असतो. यंत्र त्याहून फार मोठा फरक दाखवत असेल तर दोष यंत्राचा. पाच शॉटांवरून निष्कर्ष काढू नये, दहा हे कमीत कमी. आकडा एका दशांशापर्यंत दिसतो का, बॅटरी सहज मिळणारी आहे का, बोगद्याचं तोंड पुरेसं रुंद आहे का, हेही पाहावं. बॅटरी उतरली की ही यंत्रं निमूटपणे चुकीचे आकडे देतात, म्हणून मोठ्या मोजणीआधी नवी घालावी.

मी पहिल्यांदा मागवलेलं यंत्र परत पाठवावं लागलं. ते प्रत्येक तिसऱ्या शॉटला कोरं राहायचं, आणि विकणाऱ्याने पैसे परत द्यायला पाच आठवडे लावले. त्यानंतर मी एकच नियम केला. परत घेण्याची मुदत संपायच्या आत शंभर शॉट मोजून पाहायचेच.

एक गोष्ट कायद्याची, कारण ती वेगाशीच बांधलेली आहे. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. ऊर्जा म्हणजे वजनाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं. ०.५३ ग्रॅमच्या छऱ्याला ही मर्यादा सुमारे २७५ मीटर वेगाला येते. स्पर्धेची रायफल आठ ज्यूलच्या आसपास राहते, तिला चिंता नाही. पण जाहिरातीत 'हजार फूट' वेग छापलेला असतो तो बहुधा हलक्या मिश्रधातूच्या छऱ्याने मोजलेला. त्याच वेगाने ०.५३ ग्रॅमचा छर्रा सुटला तर ऊर्जा २४ ज्यूलच्या वर जाते. म्हणून वेगाबरोबर वजनही लिहून ठेवावं. जर्मनीत परवान्याविना मर्यादा साडेसात ज्यूल, इंग्लंडमध्ये रायफलीला बारा फूट-पाउंड, म्हणजे सोळा ज्यूलच्या थोडं वर. तिथल्या क्लबांत क्रोनो नेहमीची वस्तू आहे. रायफल मर्यादेत आहे हे माहीत असणं ही तिथे मालकाची जबाबदारी असते.

पहिला शॉट

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही भाचीची रायफल यंत्रासमोर धरली. ती हवेच्या सिलेंडरवर चालणारी. सिलेंडरमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो, पण छऱ्यामागे एवढा दाब सोडत नाहीत. मध्ये रेग्युलेटर असतो, तो दाब कमी करून दर वेळी सारखा देतो. सगळी मदार त्या छोट्या भागावर.

पहिला शॉट १८२.६. दुसरा १७६.१. तिसरा १७४.३. मग १७४.०, १७३.८, १७४.२, असं अगदी ओळीत. "बघा, रायफल चांगलीये," कोणीतरी म्हणालं. पहिला आकडा यंत्राची चूक म्हणून सोडून द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात भाची म्हणाली, "मामा, मी स्पर्धेत करते तसं करू या का? मध्ये थांबून?"

रायफल स्टँडवर ठेवली. पाच मिनिटं कोणी बोललं नाही. पुन्हा उचलली. १८१.९. त्यामागचा १७५.८, मग परत १७४. आणखी दहा मिनिटं थांबलो. १८३.४.

रेग्युलेटरच्या आतली सील झिजली होती. सलग शॉट मारत राहिलं की काही कळत नाही. रायफल थोडा वेळ पडून राहिली की सिलेंडरमधली हवा झिजलेल्या सीलमधून थेंब थेंब झिरपावी तशी पुढे येते, छऱ्यामागचा दाब वाढतो आणि पहिला छर्रा जोरात सुटतो. नऊ मीटरचा फरक म्हणजे टार्गेटवर पावणेदोन मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ०.७ गुण, आणि तोही नेहमी वरच.

खराब शॉट गेला की ती थांबायची. मन शांत करायची. त्याच वेळात रायफलीतला दाब चढायचा आणि पुढचा शॉट वर जायचा. मग ती आणखी जास्त वेळ थांबायची. पोरगी जितकी शहाण्यासारखी वागत होती, तितकी रायफल तिला खोटी पाडत होती. सरांनी दिलेला सल्ला शास्त्रशुद्ध होता, तिने तो पाळलाही होता. सर बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत उभे राहिले. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "बाळा, तीन महिने तुला बोललो मी. चुकलं माझं." मी अनेक शिक्षक पाहिले आहेत, स्वतः शिक्षक आहे. मुलांसमोर असं म्हणायला काय लागतं ते मला माहीत आहे.

सील बदलायला पुण्याला रायफल पाठवली. भाग लहानसा होता, खर्च मोठा नव्हता, वेळ तीन आठवडे लागला. परत आल्यावर त्याच यंत्रावर, त्याच डब्यातल्या छऱ्यांनी, मध्ये तसंच थांबून मोजलं. थांबल्यानंतरचा पहिला शॉट आता बाकीच्यांपेक्षा एका मीटरनेही वेगळा नव्हता.

तेव्हापासून आमच्या रेंजवर एक वही आहे. प्रत्येक रायफलीचं एक पान, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा शॉट, त्यातला पहिला दहा मिनिटं थांबून. पान भरायला अर्धा तास पुरतो. एका जुन्या स्प्रिंगच्या रायफलीचा वेग तीन महिन्यांत पंधरा मीटरने उतरलेला त्याच वहीत दिसला. तिची स्प्रिंग दमली होती. ती रायफल वापरणाऱ्या मुलाला 'तुझा नेम खालीच लागतो' असं सगळे म्हणत होते.

मला या लेखात सांगायचं होतं ते एवढंच. गावातल्या मुलाकडे महागडी रायफल नसते, परदेशी प्रशिक्षक नसतो, इलेक्ट्रॉनिक टार्गेट नसतं. त्याच्याकडे असतो तो स्वतःवरचा विश्वास, आणि तोच आपण सर्वांत आधी पणाला लावतो. काही हजारांचं यंत्र सगळ्या क्लबने मिळून घेतलं, तर मुलाला दोष देण्याआधी हत्याराला विचारता येतं.

दिवाळीच्या सुट्टीत भाचीने परवा साठ शॉटांची पूर्ण फेरी मारली. मधल्या दहांत ग्रुप फुटला, शॉट उजवीकडे पसरले. मी काही बोललो नाही. ती वहीकडे गेली, आपल्या रायफलीचं पान उघडलं, आदल्या रविवारचे दहा आकडे बोट ठेवून वाचले आणि वही मिटली.

"रायफल बरोबर आहे, मामा," ती म्हणाली. "म्हणजे आता काम माझं."

आणि नवं टार्गेट लावायला उठली.